यादीतलं जास्तीचं नाव

रुग्णालयाचं नेटवर्क नव्या डोमेनवर न्यायचं, म्हणजे जुनी सगळी लॉगिनं बंद करून नवी द्यायची. डेटाबेस सांभाळणाऱ्या भाऊंनी यादी चारचारदा तपासली, कारण वरच्या मजल्यावर त्यांची थोरली बहीण, आक्का, ऑपरेशननंतर दाखल होती. यादीत गेल्या वर्षी वारलेल्या जुन्या सहकाऱ्याचं लॉगिन अजून चालूच होतं.

"मेलेल्याला नव्या घरात कशाला नेताय, भाऊ?" साहेब हसले. "द्या त्याला नारळ!"

भाऊंनी ते बंद केलं. सकाळी सर्व्हर सुरळीत सुरू झाले, तपासण्यांचे अहवाल येऊ लागले, एकही तक्रार आली नाही. साहेबांनी पाठ थोपटली. दुपारी भाऊ हलक्या मनाने आक्काला भेटायला वर गेले.

"आज कानांची सुटका झाली बघा, भाऊ!" दारातच नर्स म्हणाली. "कुणाच्या अहवालात धोक्याचं काही निघालं की हा मेला कॉम्प्युटर कोकलायला लागतो. आज सकाळपासून एकदाही वाजला नाही."

भाऊंना एकदम आठवलं. तो इशारा देणारा प्रोग्रॅम त्या वारलेल्या सहकाऱ्यानेच लिहिला होता आणि स्वतःच्याच लॉगिनवर चालवला होता.

"आक्का कशी आहे?" त्यांनी कसंबसं विचारलं.



"त्या होय? रात्रभर तळमळत होत्या बिचाऱ्या. सकाळपासून मात्र हूं नाही की चूं नाही, म्हणून मीही उठवलं नाही."