राखतोंड्याचा पहिला अंक

चित्रकथेतला राखतोंड्या नावाचा खलनायक तीस वर्षं एकच चित्रकार काढत आला होता. आधी राखतोंड्या तेजाबाच्या हौदात पडून दुष्ट झाला, मग कारखान्याच्या आगीत होरपळून. संपादक बदलला की त्याला राखतोंड्याचा जन्मही नवा हवा आणि थोबाडही नवं. आताचा म्हणाला, "त्याची बायको जिन्यावरून पडून मेली, असं करा. वाचक हळहळले पाहिजेत."

जुना चेहरा ताडून बघायला चित्रकारानं कपाटातून पहिला अंक काढला. कागद पिवळा पडलेला, कडा झिजलेल्या. पण आत हौद नव्हताच. जिना होता. वरच्या पायरीवर पाठमोरी बाई, हातात निळी छत्री. हे चित्र त्यानं अजून काढलंच नव्हतं.

"अहो, मी बाजारात जाऊन येते," दारातून बायको म्हणाली. तिच्या हातात निळी छत्री होती.

"ती नको." तो घाईनं म्हणाला. "काळी ने."

"तुमचं आपलं काहीतरीच," म्हणत तिनं छत्री बदलली. दार लागलं.

त्याला हायसं वाटलं. अंक मिटायला म्हणून त्यानं खाली पाहिलं.

पिवळ्या कागदावर, त्याच पायरीवर, बाईच्या हातात काळी छत्री होती.