पातळ खीर

थंडी पडली की कोरियातल्या जोन्जू शहरातल्या एका जुन्या चहाघरात लाल चवळीच्या खिरीसाठी रांग लागायची. खीर मिर्योंगच्या हातची. कोपऱ्यातल्या मेजापाशी तिच्या सासूबाई रोज एक वाडगा घेऊन बसत. अठरा वर्षं त्यांचा शेरा एकच, "आज पातळ झालीय."

त्या दिवशी सोलहून आलेल्या एका साहेबांनी चमचा आपटला. "कडवट लागतेय! चवळी उकळल्यावर पहिलं पाणी फेकलंच नाही वाटतं."

मिर्योंगचा चेहरा उतरला. ती माफी मागायला पुढे झाली, तोच सासूबाई काठी टेकत उठल्या.

"आधी इथलाच कडू औषधी काढा ढोसलात आणि त्यावर खीर खाल्लीत. कडू तुमचं तोंड झालंय, खीर नाही! मी तीस वर्षं याच चुलीपुढे खीर ढवळत उभी होते. अशी मला एकदाही जमली नाही. कळलं?"

मिर्योंग सासूबाईंकडे बघतच राहिली.

"माझ्या तोंडाकडे काय बघतेस?" सासूबाई तिच्यावर खेकसल्या आणि चाटूनपुसून लख्ख केलेला वाडगा त्यांनी पुढे केला. "पातळच झालीय आज. आण अजून थोडी."