अंगणापलीकडचं वायफाय

आईच्या कंबरेचं हाड मोडलं, ती पलंगाला खिळली आणि मुलांनी अंगणापलीकडच्या गॅरेजमधली तिची सुतारकामाची हत्यारं विकायला काढली. घरातलं वायफाय गॅरेजपर्यंत पोचत नव्हतं, म्हणून बाबांनी कुदळ घेऊन अंगणभर चर खणला, पाइपातून केबल ओढली आणि तिथे दुसरा राउटर बसवला. तळहाताला फोड आले, तरी माणूस हटेना.

"बाबा, जन्म गेला बँकेच्या खुर्चीत. तुम्हाला साधा खिळा ठोकता येत नाही, गॅरेजात इंटरनेट कशाला?" थोरली कावली.

"कामाला!" बाबा म्हणाले. "आणि तिच्या एकाही हत्याराला हात लावायचा नाही."

तरीही दुसऱ्या सकाळी थोरली गिऱ्हाईक घेऊन गॅरेजात शिरली. बाबा घामाघूम होऊन फळीवर रंधा मारत होते, समोर टॅबलेट टेकवून ठेवला होता.

त्यातून पलंगावरच्या आईचा आवाज कडाडला, "अहो, रंधा उलटा धरलाय तुम्ही! आणि त्या गिऱ्हाइकाला सांगा, हत्यारं विकायची नाहीत. टेबल-खुर्ची करून हवी असेल तर बोला!"