पिवळं पडलेलं कॅबिनेट

आई घरांचे नकाशे काढून पोट भरायची. तिने नवा कॉम्प्युटर घेतला, की तो मुलांच्या डोळ्यांत भरायचा. पहिला थोरल्याने नेला, दुसरा धाकटीने. "तुला एवढा भारी कशाला लागतो गं, आई?" म्हणत दोघांनी हक्काने उचलला, आणि ती अर्धवट कामं घेऊन हात चोळत बसली.

तिसऱ्या वेळी ती दुकानातून नुसते सुटे भाग घेऊन आली आणि तिने माळ्यावरचं जुन्या कॉम्प्युटरचं पिवळं पडलेलं कॅबिनेट खाली काढलं. नवा मदरबोर्ड जुन्या भोकांवर काही केल्या बसेना. मग तिने बाह्या सरसावल्या, ड्रिलने नवी भोकं पाडली, मागचा पत्रा करवतीने कापला आणि कडा कानशीने घासल्या. बोटं सोलून निघाली, पण आत सगळं चपखल बसलं. बाहेरून मात्र तो भंगारातलाच डबा दिसत होता.

रविवारी थोरला आला. टेबलाकडे पाहून त्याने नाक मुरडलं. "या खटाऱ्यावर काम करतेस?"

"माझं भागतं," ती म्हणाली आणि तिने पडद्यावर एका टुमदार घराचा नकाशा उघडला.

"कुणाचं घर गं?"

"माझं. पुढच्या महिन्यात बांधायला काढतेय."

थोरल्याने खुशीत खुर्ची पुढे ओढली आणि तो नकाशावरून बोट फिरवू लागला. "वा! आणि यात माझी खोली कुठली?"

 

"उगाच शोधू नकोस," आई म्हणाली, "खोली एकच काढलीय."