आईला आणायला

दीर दादासोचं मुंडण बघून सिंधुबाई पणदरे गावच्या सासरघराच्या अंगणातच थबकली. सासऱ्यांचं काही बरंवाईट झालं की काय, अशी तिला धास्ती वाटली. ती आली होती सासूला न्यायला. नवऱ्याच्या, जोतीरामच्या, घशाखाली आता पाणीही नीट उतरत नव्हतं आणि त्याने आईचा ध्यास घेतला होता.

ट्रकवर असताना त्याला एड्स झाला. घरच्यांनी नवराबायकोला बाहेर काढलं. इंदापूरबाहेर एक म्हाताऱ्या नर्सबाई असल्या रोग्यांसाठी दोन खोल्या चालवायच्या, तिथे त्यांना आसरा मिळाला. त्या काळी या रोगावर औषध नव्हतं आणि माणसांना अक्कल नव्हती. बाईंकडेही इलाज नव्हता, पण मरणाऱ्याचं तोंड पुसायची त्यांना किळस येत नसे.

"कोण गेलं, भावजी?" सिंधुबाईने विचारलं.

बायका तिच्या कपाळावरच्या कुंकवाकडे टकामका बघत राहिल्या. मग भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोवर तिची नजर गेली. तिच्याच लग्नातला फोटो. तिची बाजू तेवढी कापून टाकलेली.

"दादाचा दहावा घातला नरसिंगपूरला," दादासो खाली बघत म्हणाला. "मुंबईत गेला, तितंच उरकलं, आसं गावात सांगितलंय. माधवीला बघाय कुणी येईना, वैनी. भनीचं लगीन कसं व्हायचं?"

"आवो, त्ये जित्तं हायत! सकाळी चमच्यानं पाणी पाजून आले मी!"

दाराच्या फटीतून सासूचा हुंदका आला. "पिंडाला कावळा शिवंना गं. सिंधूला अंतर देणार न्हाय म्हनलं, तवा कुठं शिवला."

एवढं बोलली, पण दार काही उघडलं नाही.

"आत्याबाई, एकडाव चला. निस्तं तोंड दावा त्यास्नी."

"मेलेल्याकडं कशी यिऊ गं?"

कडी लागली. लाथ घालून ते दार फोडावं, असा संताप सिंधुबाईच्या अंगात उसळला. पण तिकडे तो वाट बघत होता. ती आल्या पावली फिरली.

ती खोलीत शिरली तसे जोतीरामने डोळे उघडले. तिच्या पाठीमागे कोण आहे, ते शोधलं.

"आई?"

सिंधुबाईने त्याचा हात हातात घेतला. "आत्याबाई गेल्या वो. दहावा बी झाला."

तो रडला. रडून रडून दमला. मग कितीतरी दिवसांनी त्याचा चेहरा निवला.

"तरीच," तो म्हणाला. "जित्ती आसती, तर आल्याबिगर ऱ्हायली नसती."