सातवी फरशी

तिने पट्टा कमरेच्या उंचीवरून सोडला. पितळी बकल फरशीवर आदळलं.

शिलाई मशीनखाली बसलेल्या पाहुणीचे कान मागे पडले आणि परत उभे राहिले. मग पाहुणी उठली. एकेक पाय तोलून टाकत सहा फरश्या चालत आली, समोर धरलेल्या तळहातावरचा उकडलेल्या कलेजीचा तुकडा उचलला आणि पळून न जाता तिथेच उभ्याउभ्या खाल्ला.

तिने वहीत लिहिलं : एकविसावा दिवस. कमरेची उंची. थरथर नाही.

दिवसभर प्रयोगशाळेत रक्त तपासणाऱ्या बाईचा मोजल्याशिवाय कशावरच विश्वास बसत नाही. पहिल्या दिवशी बकल मोज्यात गुंडाळून चार बोटांच्या उंचीवरून टाकलं होतं, तरी कुत्री जागच्या जागी मुतली होती.

"पाहुणीने मुक्काम हलवला म्हणायचा," आई मशीनवरून म्हणाली. नाव आईनेच ठेवलं होतं. आणल्यापासून कुत्री आईच्या पायांमागे, पायडलच्या आडोशाला बसून असायची. "लोकांच्या घरी येऊन कुणी इतके दिवस तोंड लपवतं का?"

"आता एकच राहिली, आई. सातवी."

सातव्या फरशीवर दादाची खुर्ची होती.

दार उघडलं. दादा दोन तास लवकर आला होता. पाहुणी मशीनखाली गेली.

दादाने आधी कलेजीची ताटली पाहिली, मग पट्टा. मग वही उचलून मास्तरासारखी मोठ्याने वाचली. "'अकरावा दिवस. गुडघ्याची उंची. थरथर चार सेकंद.' वा. मी सकाळी कपाट पालथं घातलं, आणि इथे माझ्या पट्ट्यावर डॉक्टरकी चाललीय."

"जुना आहे, दादा. तू तो बांधत नाहीस आता."

"बांधायला ठेवलेलाच नाही तो."

त्याने पट्ट्याचे मुठीला दोन वेढे दिले. बकलाचं टोक मोकळं ठेवलं.

"आई," ती म्हणाली.

"मी शिवतेय गं," आई म्हणाली, आणि मशीन जोरात सुरू झालं. सुईखाली कापड नव्हतं. शेजारी मशीनचा आवाज जावा, दुसरा जाऊ नये, एवढ्यासाठीच ते चालत होतं.

पहिला फटका खांद्यावर बसला. दुसरा तिने हातावर घेतला. कोपराखाली कातडी फाटली. तिसरा चुकला आणि बकल फरशीवर आदळलं.

मशीनखालून पाहुणी बाहेर आली.

कान उभे. एकेक पाय तोलत. एक फरशी, दोन, तीन. तेव्हा कुठे आपण काय करून बसलो ते तिच्या ध्यानात आलं. मारणाऱ्या बकलाचा आणि खाऊच्या बकलाचा आवाज वेगळा असता, तर तो फरक शिकवता आला असता. आवाज एकच होता.

"पाहुणी, मागे. मागे जा."

पण मागे जायला तिने शिकवलंच नव्हतं. एकवीस दिवस फक्त पुढे यायला शिकवलं होतं. बकल आज दुसऱ्याकडे होतं, म्हणून पाहुणी सहाव्या फरशीवर थांबली नाही. सातव्या फरशीवर गेली आणि दादाच्या मुठीकडे नाक वर करून उभी राहिली.

"हिलाच घाई झालीय," दादा म्हणाला.

बकल जबड्यावर बसलं. पाहुणी केकाटत दोन फरश्या मागे घसरली. तोंडातून रक्ताची तार लोंबली, एक दात फरशीवर पडला. दादाने हात पुन्हा वर नेला, तेव्हा बकल कपाटाच्या दाराला लागून वाजलं. ते ऐकून पाहुणी धडपडत उठली आणि परत पुढे आली.

तिने खाली येणारा पट्टा हाताने हवेतच धरला. बकलाचा काटा तळहातात घुसून हाडाला टेकला. तिने सोडला नाही. ओढला. पट्टा मुठीला गुंडाळलेला होता, त्यामुळे पट्ट्यामागे मूठ आली, मुठीमागे दादा आला आणि खुर्चीच्या कडेवर हनुवटी आपटून गुडघ्यांवर पडला.

मूठ आता पाहुणीच्या तोंडासमोर होती. पाहुणीने ती हुंगली. बोटांच्या फटीत नाक घालून खाऊ शोधला. दादाने दुसऱ्या हाताने तिच्या फुटलेल्या जबड्यावर ठोसा मारला. तेव्हा पाहुणीने मनगटात दात रुतवले.

दादा ओरडला. मुठीचे वेढे सोडवताना त्याची बोटं रक्ताने निसटत होती. पट्टा सुटला, मग कुत्रीने मनगट सोडलं.

"आई, हिला आवर. आई, सांग ना हिला."

मशीन थांबलेलं होतं.

"मी शिवतेय," आई म्हणाली.

दादा खुर्चीला धरून उठला. तिने तळहातातून काटा उपसला, ताटलीत उरलेला तुकडा दुसऱ्या हातात घेतला आणि पट्टा खांद्याच्या उंचीवरून सोडला. ही उंची अजून वहीत नव्हती.

बकल वाजलं. पाहुणी पुढे आली. दादा मागे सरकला.

तो किती फरश्या मागे गेला ते तिने सवयीने मोजलं. दोन.