जाऊन-येऊन पुरेल एवढं पेट्रोल

"उतार शे, इंजन बंद कर," झुलाल म्हणाला.

नजीरनं कपाळावर हात मारला, पण किल्ली फिरवली. पाळधी मागे पडल्यापासूनची ही चौथी वेळ. रिकामी लॉरी मुकाट उतारावरून घरंगळू लागली.

"भाऊ, ब्रेक जुने आहेत. एखाद्या दिवशी खड्ड्यात घालाल मला!"

कंट्रोलचे दिवस, पेट्रोल कुपनांवरच मिळायचं. पिंप्राळ्यातल्या चौघांच्या हातापाया पडून झुलालनं कुपनं मिळवली, तेव्हा कुठं दहा गॅलन पेट्रोल जमलं. तेवढ्यात धुळ्याला जाऊन परत यायचं होतं.

त्याचा मुलगा कौतिक तीन आठवडे धुळ्याच्या दवाखान्यात होता. पोटाचं दुखणं. काल तार आली. झुलालनं ती मास्तरांकडून वाचून घेतली आणि घरी येऊन बायकोला सांगितलं, "कौतिकले न्यावाले बलायेल शे." आगगाडी नको म्हणाला. पोराला आडवंच आणावं लागेल, गाड्या बदलताना हाल होतील. म्हणून नजीरची लॉरी. मागे बायकोनं, भिकुबाईनं, कडब्याच्या पेंढ्या पसरल्या, वर घरातली सगळ्यात मऊ गोधडी घातली आणि स्वतः तिथंच बसली.

चढ आला की ती पेंढ्यांवरून खाली उतरायची.

"मना वजनले पेट्रोल काबर जाळानं?" म्हणत पदर खोचून लॉरीमागे चालायची. पन्नाशीची बाई, पण आज पायांना जणू पंख फुटलेले. वर पोचली की धापा टाकत हसायची. "चाला लवकर, मना कौतिक वाट देखी र्‍हायना व्हई!"

नजीरला तिची कीव आली आणि झुलालचा मनस्वी राग आला. आजारी पोराला आणायला निघालाय आणि थेंब थेंब पेट्रोल वाचवतोय! असला चिकट बाप त्यानं बघितला नव्हता.

पारोळ्याला नजीरनं टाकीत काठी घालून पाहिली. पेट्रोल हवं त्यापेक्षा दोन बोटं कमी होतं.

"परतताना कमी पडलं तर इथं मुक्काम करू. माझी मावशी, सकीनाखाला, राहते इथं. सकाळी बघू काहीतरी."

"मुक्काम नही," झुलाल म्हणाला. "दिन बुडाना आत पोर्‍या घर पोचाले पाहिजे."

"अहो, पोरगा काय पळून जातोय?"

झुलालनं खाली उतरून लॉरीचं जादा चाक ओढून काढलं. "हाई तुनी खालाकडे ठेव. वजन कमी व्हई."

"वेड लागलं का, भाऊ? टायर फुटला तर?"

"फुटाव नही."

नजीर बडबडत राहिला, पण चाक खालाच्या अंगणात ठेवून आला.

सकाळी दहाच्या सुमाराला धुळ्याच्या दवाखान्याचं फाटक दिसलं. लॉरी पुरती थांबायच्या आत भिकुबाईनं उडी टाकली. पहारेकऱ्यानं हटकलं तर हात हलवून म्हणाली, "मना पोर्‍याले घर ली जावाले उनी मी!" आणि धावत आत गेली.

झुलाल जागचा हलला नाही.

"भाऊ, उतरा की. ती एकटीच गेली."

झुलालनं तोंडावरून हात फिरवला.

"इंजन चालू ठेव, नजीरभाऊ. गाडी मांगे ली चाल," तो म्हणाला. "मुडदेघर तठे शे."